प्लास्टरआधी पाइपलाइन तपासायची कशी, आणि तपासणार कोण? (दारव्हा तालुका)

आर्णी_रोड
नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी घराचं काम चालू आहे. खाली हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागच्या बाजूला न्हाणी-संडास. वर एकच खोली, तिला जोडून बाथरूम. स्लॅब झाला, विटांचं काम झालं, झिऱ्या मारून (भिंतीत खाचा पाडून) पाइप बसले. गवंडी म्हणतो सोमवारपासून आतलं प्लास्टर धरतो. प्लंबर म्हणतो, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, लाइन ओके आहे." पाणी सोडून दाखव म्हटलं तर टाकी बसल्यावर दाखवतो म्हणाला. टाकी बसणार टाइल्सनंतर!

ग्रामपंचायतीत विचारलं की पाइपची तपासणी कोण करतं. ग्रामसेवक नुसते हसले. गृहकर्जाच्या हप्त्यासाठी बँकेकडून माणूस आला होता, त्याने स्लॅबचे फोटो काढले, पाइपांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणजे भिंतीत काय गाडलं जातंय ते बघणारं कोणीच नाही. मी शाळा सांभाळून, मिस्टर शेत सांभाळून हे करतोय. आम्हीच तपासायचं तर नेमकं काय बघायचं? पाण्याचे पाइप सगळे सीपीव्हीसी (गरम-थंड पाण्याला चालणारं प्लास्टिक), सांडपाण्याचे एसडब्ल्यूआर (सांडपाण्यासाठीचे प्लास्टिक पाइप). जमीन भारी काळी आहे.

नळवाला_अमरावती
ताई, पयले गवंड्याले फोन लावा अन् सोमवारचं प्लास्टर थांबवा. बाकी मंग बोलू.

टाकीच्या पाण्यानं पाहणं हे टेस्टिंगच नाई. हातानं मारायचा टेस्टिंग पंप येते, त्याले दाब दाखवणारा काट्याचा गेज असते. तालुक्याच्या मोठ्या हार्डवेअरवाल्याकडं भाड्यानं भेटते. सगळ्या पॉइंटले टेफ्लॉनची पट्टी लावून प्लग (बंद करायचे बूच) मारा. गिझरच्या जागी गरम-थंड दोन्ही लाइनी तात्पुरत्या पाइपाच्या तुकड्यानं जोडा, म्हणजे दोन्ही एकाच दमात तपासल्या जातात. मंग खालून हळूहळू पाणी भरा अन् वरच्या बाथरूमचा सगळ्यात उंच पॉइंट उघडा ठुवा. हवा भसभस निंगून गेली, सरळ धार लागली का तो बंद करा. आता पंप मारा. शेवटचा जोड चिकटवल्यापासून चोवीस तास झाले असले पाह्यजे, नाई त चांगला जोडही सुटन.

सिव्हिल_काका
मी पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालेलो. वरच्या भाऊंनी सांगितलं ते बरोबर आहे, त्यामागचं गणित देतो.

१० मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण १ किलो दाब (किलो म्हणजे इथे दर चौरस सेंटिमीटरला). तुमची टाकी वरच्या खोलीच्या छतावर बसली तर खालच्या नळापासून पाण्याची उंची फार तर सात मीटर. म्हणजे खाली ०.७ किलो, आणि वरच्या बाथरूमला पाव किलोच्या आसपास. एवढ्या दाबाला अर्धवट चिकटलेला जोडसुद्धा कोरडा राहतो. पुढे एखाद्या उन्हाळ्यात तुम्ही मोटर थेट लाइनवर जोडता किंवा प्रेशर पंप बसवता, आणि तोच जोड टाइल्समागे सुटतो.

नियम असा की रोजच्या वापरात येऊ शकणाऱ्या कमाल दाबाच्या दीडपट दाबाने तपासायचं. घरगुती सीपीव्हीसीला आपल्याकडे ७ ते १० किलो लावण्याची पद्धत आहे. पाइपची भीती बाळगू नका. आयएस १५७७८ चा (आयएस म्हणजे भारतीय मानक) छाप असलेला एसडीआर ११ (पाइपाच्या जाडीचा वर्ग) पाइप साध्या तापमानाला २८ किलोपर्यंत दाब घेतो. मात्र ८२ अंशांच्या पाण्याला तोच पाइप ७ किलोवर येतो, म्हणून गरम पाण्याच्या लाइनला हलका पाइप वापरू नये. पाइपावरचा छाप स्वतः वाचा. छाप भिंतीकडे फिरवून बसवलेला असेल तर उरलेले तुकडे बघा.

शिवार_दादा
एवढ्या पंपाच्या भानगडीत कायले पडता? आमच्या फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडून कॉम्प्रेसर आणा, हवा भरा, साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला की लीक सापडलं.

सिव्हिल_काका
दादा, हे अजिबात करू नका आणि कोणाला सांगूही नका. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पाण्याने भरलेला पाइप फुटला तर चिळकांडी उडून दाब तिथेच संपतो. हवेने भरलेला प्लास्टिकचा पाइप फुटला तर तुकडे गोळीसारखे सुटतात. सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसी (थंड पाण्याचा प्लास्टिक पाइप) दोन्हींना हवेने तपासू नये, असं पाइप बनवणारे स्वतःच लिहून देतात.

शिवार_दादा
बरं काका. सांगतलं ते बरं झालं.

पूर्णाकाठ
आमचं दर्यापूर तालुक्यातलं खारपाणपट्ट्याचं गाव. इथं जमिनीतलं पाणी असं की चहा नासते. आमच्या जुन्या घरात लोखंडी जीआय पाइप होते, आतून गंजून गंजून बोट जाईना एवढी वाट राह्यली होती. आता सगळे सीपीव्हीसी टाकतात, पण एक गोष्ट तशीच राहते. नळाच्या मागं भिंतीत जो थ्रेडचा तुकडा जाते ना, एक्स्टेन्शन निपल, तो लोक वीस-तीस रुपये वाचवाले लोखंडी लावतात. पाइप राहते शाबूत अन् हा तुकडा सडते. पितळीच पाह्यजे.

अन् ताई, खाऱ्या पाण्यानं क्युरिंग करू नका. दारव्ह्याकडं आमच्यावाणी खार नसन, पण बोअरचं पाणी एकदा तपासून घेतलेलं बरं.

सिव्हिल_काका
सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आयएस ४५६ मध्ये हे दिलं आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या पुष्कळ विहिरी यात नापास होतात. यवतमाळकडे प्रश्न वेगळा, तिथे काही गावांत फ्लोराइड आहे. पाइपाला त्याचं काही नाही, पिणाऱ्याला आहे. त्यामुळे मॅडम, नळयोजनेची लाइन आणि बोअरची लाइन एकमेकांना जोडू देऊ नका. दोन्ही पाणी वेगवेगळ्या वाटेने टाकीत वरून पडलं पाहिजे. मध्ये नुसता कॉक ठेवून जोडलं तर योजनेचं पाणी बंद असताना बोअरचं पाणी गावाच्या लाइनीत शिरतं. जलजीवनच्या नळाला टुल्लू (पाणी ओढायचा छोटा पंप) लावणारे तर याच्याही पुढचे, ते शेजारच्या गटारातलं पाणी फुटक्या जोडातून ओढून घेतात.

गुंड_घडवंची
सगळे दाबाचं बोलताहेत, उंचीचं कोणी बोलेना. ताई, प्लास्टरआधी स्वयंपाकघरात आणि अंगणात स्वतः जाऊन उभ्या राहा आणि गुंड (पाणी भरायचा धातूचा घडा) घेऊन जा. माझ्या घरी मागच्या दारी नळ असा बसवला की खाली बादली बसते, गुंड बसत नाही. आता गुंड तिरपा धरून भरावा लागतो आणि अर्धं पाणी पायावर. नळाची तोटी गुंडाच्या तोंडाच्या वर चार बोटं तरी हवी, आणि खालचा ओटा टाइल्ससकट धरून.

दुसरं, भांडी कुठे घासणार ते आत्ता ठरवा. सिंक कितीही चांगलं केलं तरी लग्नकार्याची, पंगतीची भांडी बाहेरच घासली जातात. तिथे पॉइंट नसला की न्हाणीतून नळी ओढत बसायचं. आणि बाहेरच्या मोरीचा पाइप सिंकच्या पाइपपेक्षा मोठा हवा, राख आणि खरकटं तिथेच जातं.

आर्णी_रोड
गुंडाचं खरंच डोक्यात नव्हतं, उद्याच नेते. गवंड्याला थांबवलं आहे, तो चिडला आहे. म्हणतो, "आजवर कोणी असं केलं नाही, मॅडम."

पुसदचा_भाचा
मी टेक्सासमध्ये असतो. माझं घर बांधलं तेव्हा प्लंबिंगची तपासणी तीन वेळा झाली. जमिनीखालचे पाइप काँक्रीट ओतण्याआधी, भिंतीतले पाइप ड्रायवॉल लावण्याआधी आणि शेवटी नळ-कमोड बसल्यावर. शहराचा निरीक्षक पास म्हणेपर्यंत पाइप झाकता येत नाही, झाकला तर उघडून दाखवावा लागतो. शहराच्या हद्दीबाहेर मात्र इथेही एवढी कडक व्यवस्था नसते.

नळवाला_अमरावती
भाऊ, तिकडं निरीक्षक येते अन् त्याचा पगार सरकार देते. इथं टेस्टिंगचे पैसे कोण देते ते सांगा. मालक लोक रेट ठरवतात पॉइंटप्रमाणं. इतके पॉइंट, इतके पैसे. त्यात टेस्टिंगचा दिवस कोणीच धरत नाई. पंपाचं भाडं, प्लग, माहा अन् पोऱ्याचा रोज, हे सारं खिशातून जाते. अन् गवंडी त पाइप बसला का दुसऱ्या दिवशी थापी घेऊन हजर. मंग प्लंबर म्हणते "लाइन ओके हाय". चोर नसते तो, त्याले तसंच शिकवलं हाय साऱ्यांनी.

ताई, तुमच्या प्लंबरले टेस्टिंगचे वेगळे पैसे द्या अन् आधीच सांगा. पाहा कसा खुशीनं येते.

सिव्हिल_काका
नळवाला भाऊंशी पूर्ण सहमत नाही. चाचणी हा कामाचाच भाग आहे, उपकार नव्हे. पण ते पैशाचं बोलले त्यात तथ्य आहे. साध्या कागदावर लिहून घ्या: पाइप बसल्यावर इतके पैसे, चाचणीत दाब टिकला की इतके, नळ बसल्यावर उरलेले. आणि गवंड्याच्या करारात एक ओळ घाला की मालकाने सांगितल्याशिवाय झिरी भरायची नाही. गावात याहून मोठा निरीक्षक मिळणार नाही.

नळवाला_अमरावती
काका, लिहून घ्या ना, आमाले काय. फक्त मधला हप्ता खराच द्या म्हणजे झालं.

घरकुल_वाला
माझं घरकुल मंजूर आहे. १ लाख २० हजार, शौचालयाचे १२ हजार वेगळे. अभियंता येतो तो पायथ्याचा, भिंतीचा, छताचा असे जिओटॅग फोटो काढतो, फोटो चढला की हप्ता पडतो. एक संडास, एक न्हाणी, दोन नळ. माझ्यासारख्याने पंप भाड्याने आणावा का?

सिव्हिल_काका
दोन नळ आणि वीस फूट पाइप असेल तर लाइन भिंतीबाहेरूनच न्या, क्लिपा मारून. दिसायला बरं नाही पण गळती डोळ्याला दिसते आणि दुरुस्तीला भिंत फोडावी लागत नाही. फक्त उन्हात येणारा भाग रंगवून घ्या, उघडा यूपीव्हीसी आपल्याकडच्या उन्हात काही वर्षांत ठिसूळ होतो. तुमचा खरा पैसा शोषखड्ड्यात घाला.

सांडपाण्याच्या पाइपाला तर कोणालाच पंप लागत नाही. खालचं तोंड बंद करायचं, वरून पाणी भरायचं, पातळीला खूण करायची आणि बघत बसायचं. १०-१२ फूट उभं पाणी पुरे. मॅडम, तुम्हीही हे करा. लोक नळाची लाइन तपासतात आणि सांडपाण्याची विसरतात. स्वच्छ पाणी गळलं तर भिंत ओली होते. संडासचं गळलं तर काळ्या मातीत पायाखाली मुरतं आणि पायाच हलतो.

आर्णी_रोड
पायाचं ऐकून भीती वाटली. खालच्या न्हाणी-संडासचे पाइप जोत्याच्या भरावातून मागे काढले आहेत. त्या पाइपांवर अजून फरशीचं काँक्रीट झालं नाही. भराव मुरमाचा आहे, बाहेर मात्र काळी मातीच.

नळवाला_अमरावती
काँक्रीट नाई झालं हे लय चांगलं. आता तीन गोष्टी पाहा.

जोत्याच्या भिंतीतून पाइप बाहेर निंगते तिथं गवंड्यानं त्याले सिमेंटनं घट्ट बसवलं असन. ते फोडा. एक नंबर मोठ्या पाइपाचा तुकडा भिंतीत घाला अन् त्याच्यातून आपला पाइप न्या, मधात मोकळी जागा ठुवा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडते, भेगीत हात जाते. घर एका बाजूनं हलते, बाहेरचा पाइप दुसऱ्या बाजूनं. घट्ट बसवला असला का नेमका भिंतीच्या तोंडावर तडकते.

दुसरं, घराच्या भिंतीपासून चेंबरपर्यंत चिकटवायचे जोड नका वापरू, रबर रिंगवाले वापरा. रिंग थोडीशी सरकू देते. पाइपाखाली अन् भोवताल रेती नाई त बारीक मुरूम टाका, काळी माती पाइपाले लागू देऊ नका.

तिसरं उतार. ११० मिलिमीटरचा पाइप, दहा फुटाले दोन-अडीच इंच. गवंड्याच्या नजरेवर सोडू नका, लेव्हलच्या नळीनं मापा. लय उतारही कामाचा नाई, पाणी पळून जाते अन् मैला मागं राहते.

सिव्हिल_काका
उताराला आणि सरळपणाला एक जुनी परीक्षा आहे. पाइपाच्या आतल्या व्यासापेक्षा १३ मिलिमीटर लहान असा गुळगुळीत चेंडू वरून सोडायचा. तो न अडकता चेंबरमध्ये आला पाहिजे. मुलांचा रबरी चेंडू मापाचा मिळाला तर झालं. मध्ये कुठे सोल्युशनचा (जोड चिकटवायच्या द्रवाचा) गोळा आत आला असेल, विटेचा तुकडा पडला असेल, तर चेंडू तिथेच थांबतो.

आणि हवेचा पाइप. गवंडी म्हणेल "त्याची काय गरज?" वरच्या संडासची टाकी ओढली की पाणी खाली येताना मागे पोकळी होते आणि ती खालच्या नहाणी ट्रॅपमधलं (न्हाणीच्या जाळीखालचं पाणी धरणारं भांडं) पाणी ओढून नेते. ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी उभं असतं, तोच वासाला अडसर. ते गेलं की खालच्या न्हाणीत दुर्गंधी, आणि सगळे फिनाइल ओतत बसतात. उभा पाइप तसाच छताच्या वर नेऊन टोपी लावा. टोपीला बारीक जाळी, नाही तर सेप्टिक टँक डासांचं माहेर होतो.

झाडीपट्टी
आमच्याकडे साकोलीच्या बाजूला वेगळीच कथा. धानाच्या बांध्यांत पावसाळाभर पाणी उभं, त्यामुळे गावातही पाणी हाताला लागतं. खोल शोषखड्डा केला की श्रावणात तो आपोआप भरतो, आपण काही टाको न टाको. इथे खड्डा उथळ आणि रुंद करतात, तोंड जमिनीपेक्षा उंच.

काळ्या मातीचा त्रास उलटा असावा. माती पाणीच पीत नाही.

सिव्हिल_काका
बरोबर. भारी काळ्या मातीत खड्डा नुसता विटांनी बांधला तर तो टाकीसारखा भरून राहतो. एक तर मुरूम लागेपर्यंत खाली जावं. मुरूम खोल असेल तर खड्ड्याच्या विटांभोवती फूटभर जागा सोडून तिथे खडी-रेती भरावी, म्हणजे पाणी सगळ्या बाजूंनी झिरपायला जागा मिळते. मोरीचं आणि न्हाणीचं पाणी संडासच्या खड्ड्यात अजिबात सोडू नका. ते परसात केळीला, अळूला जाऊ दे.

विहिरीपासून अंतर. सेप्टिक टँकच्या पाण्याचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर लांब हवा, असं आयएस २४७० सांगतं. गावठाणात एवढी जागा क्वचितच मिळते, पण निदान शेजाऱ्याची विहीर-बोअर कुठे आहे ते विचारून मग खड्ड्याची जागा ठरवा. आपली विहीर सांभाळून खड्डा शेजाऱ्याच्या बोअरला टेकवणारे महाभाग मी पुष्कळ पाहिलेत.

नळवाला_अमरावती
ताई, अजून एक. कमोड घेतला का? मॉडेल ठरवलं नसन त ठरवा. कमोडच्या पाइपाचं माप तयार भिंतीपासून मोजतात, ९ इंच नाई त १२ इंच. तयार म्हणजे टाइल्स लागल्यावरची. आता तुमची भिंत विटांची हाय. प्लास्टर, चिकटवायचं सिमेंट, टाइल, सारं मिळून सव्वा-दीड इंच पुढं येते. विटांपासून ९ इंच मोजून पाइप काढला असन त कमोड बसनच नाई. हेच लफडं मिक्सरच्या दोन पॉइंटचं, मधलं अंतर ६ इंच अन् दोन्ही एका लेव्हलमधी, नाई त मिक्सर वाकडा दिसते जनमभर.

आर्णी_रोड
सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे खाली कमोड आणि वर ओरिसा पॅन (उकिडवं बसायचं भांडं) असं ठरलं आहे. कमोडचं मॉडेल ठरलं, ९ इंचाचं. उद्या टेप घेऊन जाते.

चांदूर_बाजार
एक शंका. आमच्या घरी बाथरूमची भिंत चार इंची आहे. प्लंबरने आडवी झिरी मारून पाऊण इंची पाइप आत बसवला. भिंत हलते असं वाटतं.

सिव्हिल_काका
वाटत नाही, हलतच असेल. आडव्या झिरीची खोली भिंतीच्या जाडीच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त नको, उभ्या झिरीची एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. चार इंची, म्हणजे साधारण ११५ मिलिमीटरच्या भिंतीत आडवी झिरी १९ मिलिमीटर येते. पाऊण इंची पाइप बाहेरून २२ मिलिमीटरचा. म्हणजे तो तिथे बसतच नाही. अशा भिंतीत पाइप छताजवळून बाहेरच्या बाहेर फिरवायचा आणि प्रत्येक नळाला उभा खाली सोडायचा. तुमची झिरी आता भरताना जाळी मारून पक्क्या मालाने भरा आणि त्या भिंतीवर गिझर टांगू नका.

आर्णी_रोड
मंडळी, चाचणी झाली. जरा सविस्तर लिहिते.

प्लंबरला वेगळे पैसे देईन म्हटल्यावर त्याने स्वतःच यवतमाळहून पंप आणला. वरचा पॉइंट उघडा ठेवून भरलं, बरीच हवा निघाली. ८ किलोवर नेलं आणि काटा डोळ्यांदेखत उतरायला लागला. प्लंबर म्हणाला हवा राहिली असेल. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. मग आम्ही सगळ्यांनी भिंती पाहत फिरायला सुरुवात केली. वरच्या बाथरूममध्ये डायव्हर्टरखाली (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा कॉक) वीट गडद झालेली दिसली. पितळी एल्बोच्या (काटकोनी जोडाच्या) थ्रेडमधून थेंब येत होता, अगदी सावकाश. प्लास्टर झालं असतं तर तो थेंब कोणाला दिसला असता! त्याने एल्बो काढून टेफ्लॉन नव्याने गुंडाळलं.

सांडपाण्याची गंमत त्याहून मोठी. चेंबरकडचं तोंड पोत्याच्या बोळ्याने आणि प्लास्टिकने बंद केलं, वरून भरलं. खालच्या न्हाणीच्या ट्रॅपपाशी भराव ओला झाला. उकरून पाहिलं तर ट्रॅपचा जोड नुसता बसवलेला होता, चिकटवलेलाच नव्हता. बाकी सगळ्या जोडांच्या कडेला सोल्युशनचा ओघळ वाळलेला दिसत होता, याच्या कडेला काही नाही, स्वच्छ. प्लंबर म्हणाला माप घ्यायला सुका बसवला होता आणि राहून गेला.

कमोडचा पाइप विटांपासूनच ९ इंच होता! काँक्रीट झालेलं नव्हतं म्हणून सरकवता आला.

आता नवीन प्रश्न. दुरुस्तीचे जोड एक दिवस वाळू दिले, मग संध्याकाळी ८ किलोवर ठेवलं. सकाळी काटा किंचित खाली होता. गळती कुठेच दिसली नाही. हे चालेल का?

सिव्हिल_काका
उत्तम काम केलंत. किंचित उतरला तर घाबरू नका. प्लास्टिकचा पाइप दाबाने थोडा ताणला जातो आणि तापमानाने फुगतो-आकसतो. सीपीव्हीसी १० मीटर लांबीला ३० अंशांच्या फरकाने जवळपास दोन सेंटिमीटर वाढतो. संध्याकाळी तापलेल्या भिंतीत भरलेलं पाणी पहाटे थंड होतं, काटा थोडा उतरणारच. खात्री करायची तर आज सकाळी ८ वर आणा आणि उद्या सकाळी त्याच वेळी बघा. तापमान सारखं, म्हणजे काटाही सारखा हवा. रोज तेवढाच उतरत राहिला तर मात्र शोधा.

वरच्या बाथरूमचा खोलगट स्लॅब वॉटरप्रूफिंगनंतर पाणी भरून तपासा, दोन इंच पाणी, निदान दोन दिवस. पण आपल्या उन्हाळ्यात बाष्पीभवनानेच पाणी बरंच खाली जातं आणि भांडणं होतात. म्हणून शेजारी एक पसरट घमेलं तेवढंच पाणी भरून ठेवा. दोन्हीकडे पाणी सारखंच उतरलं तर स्लॅब निर्दोष. स्लॅबमधलं जास्त उतरलं तर गळतंय.

पूर्णाकाठ
घमेल्याची आयडिया मस्त हाय काका.

गुंड_घडवंची
ताई, गुंड नेला होता का?

आर्णी_रोड
नेला! अंगणातला नळ सहा इंच वर घ्यायला लावला. प्लंबर, गवंडी, दोघंही माझ्याकडे आणि गुंडाकडे आळीपाळीने पाहत होते.

पुसदचा_भाचा
झाकण्याआधी फोटो काढा मॅडम. प्रत्येक भिंतीचा समोरून एक, टेप कोपऱ्यापासून आडवा आणि जमिनीपासून उभा धरून. नुसत्या फोटोवरून दोन वर्षांनी पाइप कुठे आहे ते कळत नाही, टेप दिसला तर कळतं.

नळवाला_अमरावती
फोटो मोबाइलमधी ठुवू नका, मोबाइल बदलते. छापून घराच्या कागदाच्या फाइलीत लावा. आरसा, टॉवेलचा रॉड, देवघर, ज्याले ड्रिल मारायचं असन त्याले पयले फाइल दाखवा.

आर्णी_रोड
आज सकाळी काटा कालच्याच जागी होता. बुधवारपासून प्लास्टर. पंप आणि प्लग आता काढून परत करायला सांगू ना?

नळवाला_अमरावती
पंप वापस करा, प्लग नका काढू. पंपाच्या जागी एक कॉक अन् साधा गेज लावून घ्या, लाइन ३-४ किलोवर भरलेली राहू द्या टाइल्स होतपर्यंत. कोणाचा खिळा लागला, छिन्नी लागली, त काटा त्याच दिवशी पडते अन् कोणाच्या हातून झालं हेही समजते. सांडपाण्याच्या साऱ्या तोंडांवर टोप्या चिकटपट्टीनं बांधा. गवंड्याचे पोरं संध्याकाळी घमेले-थाप्या नहाणी ट्रॅपमधीच धुतात, सिमेंट आत जाऊन बसते. त्यायले धुवाले अंगणात एक ड्रम भरून द्या.